देवाच्या अंगावरचा पाला

मुक्ताई मावशीचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर मी तोंड उघडत नाही. उघडलं की गिऱ्हाईक तुटतं. धायरीच्या टेकडीवर फिरायला जाणारे जिथून चढतात, तिथेच पायथ्याला माझी चहाची टपरी आहे. वर जाताना मंडळी आवळ्याचा रस पितात आणि खाली आली की चहाबरोबर दोन-दोन बनमस्के हाणतात. तब्येत सांभाळतात ना! मी दोन्ही विकते, मला काय.

मी ललिता. नवरा भीमराव रिक्षा चालवतो. मुक्ताई मावशी आमच्या नात्याची नाही, जातीची नाही, गल्लीचीही नाही. माझ्या टपरीमागे शंभरेक पावलांवर तिचा पत्र्याचा गोठा, एवढीच काय ती ओळख. पण रोज सकाळी धार काढून झाली की ती बाकावर येऊन बसायची आणि माझ्या चहाला नावं ठेवायची.

"ललिते, हा च्या हाय का भांडी धुतल्यालं पानी?"

"मावशी, फुकट पिणाऱ्याला तोंड नसतं."

"फुकट कुटं? दूद देती की तुला शेळीचं."

"त्या दुधात किती पाणी घालता ते मला विचारा."

मग ती मला एक इरसाल शिवी द्यायची आणि आम्हा दोघींचा दिवस सुरू व्हायचा. लोकांना वाटतं गरीब म्हातारी म्हणजे गाय. कसली गाय! ही चांगली खट होती. चिकट तर अशी, की पायातली वहाण झिजू नये म्हणून टेकडीवर ती हातात घेऊन चढायची.

धनगराची पोर, लग्न होऊन आली तेव्हा धायरी हे गाव होतं. नवरा रंगराव मेंढरं राखायचा. तेव्हा गावाला गायरान होतं, म्हणजे गावातल्या सगळ्यांची जनावरं चरायला ठेवलेली जमीन. तिच्यावर कुणाचं नाव नाही आणि कुणाला मनाई नाही. पुढे गाव महापालिकेत गेलं. गायरानात आधी पाण्याची टाकी आली, मग शाळा, मग रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिल्डिंगी. मेंढराला मोकळं रान लागतं, ते उरलं नाही. रंगरावांनी मेंढरं विकली आणि शेळ्या घेतल्या, कारण शेळी टेकडीच्या खडकावरही पोट भरते. मग रंगराव पोटाच्या दुखण्यानं गेले. एकुलती लेक सासवडला दिलेली. मावशीकडे राहिल्या शेळ्या.

वीसेक असतील. प्रत्येकीला नाव. कबरी, तांबडी, मोरी, चांदी, आणि एक शिंगमोडी होती तिचं नाव पाटलीण. मावशी त्यांच्याशी अख्खी वाक्यं बोलायची. "पाटलीणबाई, तुमाला पत्रिका धाडू का? उठा की." फिरायला येणारी मंडळी उतरून गेली, ऊन जरा तापलं, की ती कळप घेऊन वर जायची. संध्याकाळी येताना डोक्यावर पाल्याचा भारा. आणि तो पाला ती कधीही तसाच्या तसा जनावरापुढे टाकायची नाही. गोठ्याच्या दारात बसायची आणि फांदी न् फांदी हातातून काढायची. आत एखादी वाईट डहाळी आली असेल, प्लास्टिक असेल, तार असेल, ते सगळं बाजूला. अर्धा-अर्धा तास जायचा. शेळ्या ओरडून जीव खायच्या, पण ही ढिम्म. मी म्हणायचे, मावशी, एवढी तर मी मेथीपण निवडत नाही. ती म्हणायची, "मेथी तू खातीस. मेलीस तर भीमराव दुसरी करंल. माजी शेळी मेली तर मला कोन देनार?"

आता पूर्णिमाबाई. समोरच्या सोसायटीत राहतात, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. हिरवी टेकडी मंडळ त्यांनी काढलं. मी या मंडळावर खूप हसले आहे, खोटं कशाला बोलू. टोप्या काय, शिट्ट्या काय, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी एका पानाचा फोटो काय! पण पूर्णिमाबाईंवर मी कधी हसले नाही. सलग तीन उन्हाळे या बाईनं पाच-पाच लिटरचे कॅन हातात धरून त्या टेकडीवर पाणी वाहिलंय. गुडघे दुखतात तरी. बाकीचे फोटो काढून उतरायचे, ही शेवटच्या रोपापर्यंत जायची. त्यांनी लावलेली कांचन, बहावा, आपटा अशी रोपं कमरेएवढी झाली होती.

आणि ती शेळ्यांनी खाल्ली. हे पण खरं आहे. उगाच मावशीची बाजू घेऊन मी ते झाकणार नाही. उन्हाळ्यात वर गवताची काडी नव्हती, मावशीला बसल्या जागी डुलकी लागली आणि कबरी आणि मोरी जाळी वाकवून आत शिरल्या. दुसऱ्या दिवशी पूर्णिमाबाई माझ्या बाकावर येऊन बसल्या, हातात रिकामा कॅन. चहा पुढे ठेवला तर घेईनात. "नुसत्या काड्या राहिल्यात हो ललिता," म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या.

झालं. मंडळ पेटलं. मारुतीच्या देवळातल्या हॉलमध्ये बैठक ठेवली. मी चहाची किटली घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

सोसायटीतले सलिलसाहेब, कॉम्प्युटर कंपनीत मोठे अधिकारी आहेत, त्यांनी भिंतीवर फोटो दाखवले. ही टेकडी पाच वर्षांपूर्वी, ही आज. "सिंपल आहे. ग्रेझिंग बंद केलं की टेकडी आपोआप हिरवी होते. ही पब्लिक लँड आहे, कुणाच्या घरच्या शेळ्यांसाठी नाही."

वनखात्याचा माणूस आला होता. तो बिचारा दोन्हीकडून मार खायच्या तयारीनंच बसला होता. म्हणाला, "कागदावर इथे चराई आधीपासूनच बंद आहे. मी आजवर डोळेझाक करत आलो. आता तक्रारी लेखी यायला लागल्या तर मला जनावरं कोंडवाड्यात घालावी लागतील."

मग संतोष उठला. मावशीच्या दिराचा मुलगा, त्याच्याही पंधरा-वीस शेळ्या. तापट पोरगं. "पब्लिक म्हंजी कोन ओ? आमी पब्लिकमदी न्हाय का? आमचं गायरान कुटं गेलं ते इचारा आदी. तुमचं पार्किंग हाय ना, तितं आमची मेंढरं बसायची. खाली जागा तुमी घेतली, आता वर बी तुमीच का?"

"आम्ही फ्लॅट विकत घेतलेत," सलिलसाहेब म्हणाले.

"कुनाकडनं? गायरान कुनाच्या बापाचं व्हतं म्हनून त्यानं तुमाला विकलं?"

मग जो गदारोळ झाला तो झाला. एक जण म्हणाला, शेळीमुळे माती वाहून जाते. दुसरा म्हणाला, माती तर टेकडी फोडणारे वाहून नेतात ट्रकनं, त्यांची नावं घ्या की. ती काही कुणी घेतली नाहीत. पुण्यात भांडायचं कुणाशी हे लोकांना बरोबर कळतं.

शेवटी पूर्णिमाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मावशीकडे बघून थेट विचारलं, "मुक्ताई, तुमच्या शेळ्या उपाशी राहू नयेत आणि माझी झाडंही राहावीत, यावर काही उपाय आहे का? मला एक सुचतं. तुम्ही शेळ्या गोठ्यात बांधा. पाला आम्ही आणून देऊ. रोज. भाजी मंडईतला, सोसायट्यांच्या बागांतला. माझी जबाबदारी."

मावशी भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावर. ती सावकाश उठली.

"बाई, तुमी पानी व्हायलंय. मी रोज बघितलंय. त्या पान्याची लाज हाय मला," ती म्हणाली. "बांदते. मारुतीच्या म्होरं सांगते, माजी शेळी आता वर जानार न्हाय."

टाळ्या वाजल्या. संतोष बाहेर जाऊन थुंकला. "काकू, शेळी काय कुत्रं हाय व्हय, बांदून घालायला? चरती ती शेळी." त्यानं शब्द-बिब्द काही दिला नाही. टेकडीच्या पलीकडच्या अंगानं, उजाडायच्या आत, तो शेळ्या चारत राहिला. सगळ्यांना माहीत होतं, वनखात्याच्या माणसालासुद्धा.

सुरुवातीला मंडळानं काय उत्साह दाखवला म्हणून सांगू! आषाढात गोठ्यासमोर रांगा. कोबीची पानं, फ्लॉवरचे दांडे, मक्याची सालं, बागेतलं गवत. लहान मुलांना घेऊन आया यायच्या, शेळ्यांना भरवायच्या, फोटो काढायच्या. मावशी सगळं हातातून काढायची, निवडायची, आणि मग घालायची. शेळ्या जाड झाल्या. मी म्हटलं, मावशी, पाटलीणबाईंना आता साडी नेसवा, खऱ्या पाटलीणबाई दिसायला लागल्यात.

मग श्रावण लागला. कुणाची मंगळागौर, कुणाची परीक्षा, कुणाची परदेशवारी. रोजचा पाला दिवसाआड झाला, दिवसाआडचा आठवड्यावर गेला. पूर्णिमाबाई एकट्या येत राहिल्या, दोन पिशव्या घेऊन. वीस शेळ्यांना दोन पिशव्या! दाताला तरी लागतात का? त्यांनी फोन केले, मेसेज केले. अंगठे आले, पाला आला नाही.

शेळ्या ओरडायच्या. माझ्या टपरीपर्यंत ऐकू यायचं. आणि वर टेकडी अशी हिरवीगार, पाऊस झालेला, गवत गुडघ्याएवढं, गोठ्यातून सरळ दिसायचं. त्या जनावरांनी काय करावं? दाव्याला हिसके देऊन मान सोलून घेतली चांदीनं.

माझं डोकं फिरलं. मी तणतणत गोठ्यात गेले. "मावशी, सोडा त्यांना. न्या वर. ज्यांनी शब्द पाळला नाही त्यांच्या शब्दाला तुम्ही काय कवटाळून बसलात? संतोष बघा, त्याच्या शेळ्या कशा टम्म आहेत."

"म्या त्यांच्याफुडं न्हाय दिला शब्द. मारुतीफुडं दिलाय."

"मारुती येणार आहे का पाला घेऊन?"

हे मी बोलायला नको होतं बहुतेक. आमच्या घरात देव नाहीत, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, आणि मी कुणाच्या देवाला सहसा हात घालत नाही. पण संताप आला की तोंडाला लगाम राहत नाही माझ्या. मावशी दोन दिवस चहाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, म्हणाली, "साकर वाईच कमी कर," आणि बसली. संपलं भांडण.

मग गणपती आले. त्या वर्षी समोरच्या सोसायटीनं ठरवलं, थर्माकोल नको, प्लास्टिकची फुलं नकोत, सगळं हिरवं करायचं. मंडपातलं अख्खं मखर त्यांनी फांद्यांचं आणि पानांचं बांधलं. घराघरांतही पत्री विकत न आणता सोसायटीच्याच आवारातून तोडून आणली. पत्री म्हणजे गणपतीला वाहतात ती तऱ्हेतऱ्हेची पानं, एवढं मलाही माहीत आहे. कोणकोणती, ते मला विचारू नका. बक्षीस मिळालं त्यांना त्या मखराचं. पेपरात फोटो आला. शेजारच्या दोन सोसायट्यांनीही बघून तसंच केलं.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. एरवी हे निर्माल्य, म्हणजे देवाला वाहून उतरवलेली फुलं-पानं, महापालिकेच्या गाडीत जातं. पण पूर्णिमाबाईंच्या मनात आलं, एवढा पाला आहे, मुक्ताईच्या शेळ्या उपाशी आहेत, तर कचऱ्यात कशाला? आणि सांगते तुम्हाला, त्यांचा हेतू लख्ख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरून आला. मंडळातल्या बायका मागून चालत, काठापदराच्या साड्या, कुणीतरी झांजा वाजवत होतं. दोरे, टाचण्या, प्लास्टिक सगळं त्यांनी रात्री बसून काढलं होतं. हौसेनं. श्रावणभर तोंड न दाखवलेल्यासुद्धा आल्या होत्या.

मी टपरी सोडून बघायला गेले. मावशीनं दारात पाणी शिंपडलं. पायातली वहाण काढली. पहिला भारा उतरवला तेव्हा तिनं तो कपाळाला लावला, त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि डोळे मिटून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बाई, देवानंच धाडला बगा," असं पूर्णिमाबाईंना म्हणाली. त्या दोघींनी एकमेकींचे हात धरले. मीसुद्धा डोळे पुसले, मीसुद्धा!

मग मावशीनं भारे शेळ्यांपुढे सोडले. सगळेच्या सगळे. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पाला हातातून काढला नाही, न निवडता घातला. ते मी पाहिलं, आणि म्हटलं, आज खुशीत आहे म्हातारी. शेळ्या तुटून पडल्या. दोन-दोन पिशव्यांवर महिना काढलेली जनावरं ती, वास घेत बसतात होय?

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी भांडी घासत होते. मावशीची हाक आली. हाक कसली, ती हाक नव्हतीच. मी तशीच राखेच्या हातांनी धावले.

कबरी आडवी पडली होती, तोंडाला फेस, पाय झाडत होती. तांबडी उभी होती पण तिचे चारही पाय लटपटत होते. तिच्या बरगड्यांवर हात ठेवला तर काळीज असं उडत होतं की माझा हात हलायला लागला. मी भीमरावला फोन केला, तो सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरला रिक्षात घालून घेऊन आला. तोवर सात-आठ गेल्या होत्या. डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, कोळशाची पूड पाजली, घामाघूम झाला माणूस. मग त्यानं राहिलेला पाला पायानं पसरला आणि एक फांदी उचलली.

"कण्हेर आहे ही. कुणी घातली?"

मी टेम्पोतून आलेल्या भाऱ्यांकडे बोट दाखवलं.

"अहो, दहा-पंधरा पानं पुरतात एका शेळीला. ओली असली तर कडवट लागते, जनावर टाकून देतं. सुकल्यावर कडूपणा कमी होतो आणि विष तसंच राहतं. इथे तर ढीग आहे."

मखरच कण्हेरीचं होतं. सोसायटीच्या कुंपणाला सगळीकडून कण्हेर लावलेली आहे, तिचं पान टिकतं, दिसायला चांगलं, म्हणून तीच तोडली. आणि पत्रीतही कण्हेर लागतेच म्हणे. आणि ती कुंपणाला का लावली होती, माहीत आहे? शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून.

पूर्णिमाबाई धावत आल्या तेव्हा पाटलीण जात होती. मावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या तिथेच, शेणात, साडीसकट खाली बसल्या. "मुक्ताई, मला माहीत नव्हतं हो. देवाशप्पथ मला माहीत नव्हतं."

"मला म्हाईत व्हतं," मावशी म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"कन्हेर मला वळखत न्हाय व्हय? जल्म गेला. पयल्याच भाऱ्यात दिसली." ती पाटलिणीच्या कानामागे खाजवत होती. "पर देवाच्या अंगावरचा पाला. पाच दिस त्याच्या अंगाला लागल्याला. त्यातलं हे बरं अन् ते वाईट, असं कसं निवडू? मी म्हनलं, देवाला लागली, आता ती काय करती."

डॉक्टरनं मान खाली घातली. मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर, ते कळत नव्हतं. मावशीवर, बायकांवर, मखरावर, सगळ्यांवर. त्या म्हातारीच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही.

दिवस मावळेपर्यंत सगळ्या गेल्या. वाचली फक्त तीन करडं, आईच्या दुधावरची, अजून पाला न खाणारी. ती मेलेल्या आयांना ढुशा देत होती. मावशी म्हणत होती, टेकडीवर खड्डा काढून पुरू द्या, त्या तिथल्याच. वनखात्याचा माणूस हात जोडून म्हणाला, मावशी, मला परवानगी नाही देता येत. मग महापालिकेची गाडी आली. पाय धरून एक-एक आत टाकली. मावशी प्रत्येकीचं नाव घेत होती. गाडीवाले आधी घाई करत होते, मग तेही थांबून राहिले, ती नाव घेईपर्यंत.

करडं संतोष घेऊन गेला, त्याच्याकडे दुभत्या शेळ्या होत्या. ज्यानं शब्द दिला नाही, त्याचा गोठा भरलेला. माझ्या टपरीसमोरून करडं छातीशी धरून जाताना तो रडत होता, पण मागे वळून म्हणालाच, "सांगितलं व्हतं का न्हाय म्या?"

नंतरचं काय विचारता? सलिलसाहेबांनी मंडळाच्या ग्रुपवर "अत्यंत दुर्दैवी घटना" असं लिहिलं. हात जोडलेली चित्रं आली शंभरभर. पुढच्या रविवारी माझ्याच बाकावर बसून एक जण म्हणाला, "तिला तरी बघायला नको होतं का? धंदा तिचा." मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि ओतला गटारात. "तुमच्याकडून पैसे नकोत आणि उद्यापासून तुम्ही पण नको," म्हटलं. असं गिऱ्हाईक तुटतं, ते सांगत होते.

मावशी दिवसभर रिकाम्या गोठ्याच्या दारात बसून राहायची. लेक न्यायला आली होती, गेली नाही. शेण नाही, लेंड्या नाहीत, तरी रोज गोठा झाडायची. चहा प्यायची, पण चहाला नावं ठेवायची बंद झाली. ते मला सोसवेना. मी मुद्दाम एक दिवस बिनसाखरेचा दिला. प्याली आणि कप खाली ठेवला.

पूर्णिमाबाईंनी टेकडी सोडली होती. दोन-तीन आठवड्यांनी त्याच एक कल्पना घेऊन आल्या. पाऊस अजून गेला नव्हता, रोपं लागतील. प्रत्येक शेळीच्या नावानं एक झाड लावायचं, तिला आवडायचं त्याच जातीचं. मावशीला विचारून गेल्या, कबरीला काय आवडायचं, मोरीला काय. मावशीनं सांगितलं. बोर, बाभूळ, शेवरी, आपटा. मला त्या बाईचा रागही येत होता आणि कीवही. त्यांना काहीतरी करायचं होतं हो, न करून त्या मेल्या असत्या.

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. टेकडीवर सपाटीला खड्डे काढले, भोवती जाळ्या मारल्या, प्रत्येक जाळीला नावाची छोटी पाटी. मंडळानं मावशीला शाल आणि नारळ दिला. पूर्णिमाबाई बोलताना दोनदा थांबल्या. मग म्हणाल्या, "मुक्ताई, ही झाडं तुमची. राखायलाही तुम्हीच या. मंडळ पगार देईल, महिन्याच्या महिन्याला. एवढं तरी करू द्या आम्हाला."

सलिलसाहेबांनी तिच्या हातात शिट्टी दिली.

मावशीनं ती उलटीसुलटी करून पाहिली. "राखायचं म्हंजी काय करायचं?"

"शेळ्या आल्या तर हाकलायच्या," सलिलसाहेब म्हणाले.

"कुनाच्या?"

"कुणाच्याही. आता इथे चराई कायमची बंद."

तिला कळलं. मलाही कळलं. आता या टेकडीवर शेळ्या येणार त्या संतोषच्याच, आणि त्यांच्यात तिची तीन करडं. ती पोट भरण्याला नाही म्हणू शकत नव्हती, तिच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. पाटीवर कबरीचं नाव होतं त्या शेवरीपाशी ती गेली, जाळीतून दोन बोटं घालून तिनं कोवळं पान चाचपलं.

"लई ग्वाड असतो हिचा पाला," ती म्हणाली. "बाई, झाड मोटं झालं, पाला फुटला, म्हंजी तो मी कुनाला घालू?"

पूर्णिमाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. टाळ्या वाजवायला वर केलेले हात लोकांनी हळूच खाली घेतले. वनखात्याचा माणूस बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मावशीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग शिट्टीची दोरी गळ्यात घालून ती त्या जाळ्यांपाशी खाली बसली.